शाळेच्या लिनक्स सर्व्हरचा बॅकअप: सुरुवात दाखल्यापासून करा

शाळेच्या सर्व्हरचा बॅकअप कसा लावायचा असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: उद्या सकाळी सर्व्हर सुरूच झाला नाही, तर खिडकीवर उभ्या असलेल्या पालकाला शाळा सोडल्याचा दाखला किती वेळात द्याल? बहुतेक जण डिस्क किती टीबीची घ्यावी इथून सुरुवात करतात. उत्तर 'दुपारपर्यंत' असेल तर एक व्यवस्था लागते, 'चार दिवसांनी चालेल' असेल तर दुसरी. माझ्या शाळेत जूनमध्ये दहावीचे दाखले निघतात आणि त्याच्या पाठोपाठ पंचगंगा चढायला लागते. दोन्ही गोष्टी एकाच हंगामात येतात, म्हणून आमचं उत्तर 'दुपारपर्यंत' हेच आहे. पुढचं सगळं त्या उत्तरावरून ठरलेलं आहे.

मी हायस्कूलला संगणक शिकवते आणि ऑफिसचा सर्व्हरही माझ्याच गळ्यात आहे. डेबियन लिनक्स, एक जुना पण धट्टाकट्टा पीसी, सांबावर फोल्डर शेअर केलेले, मारियाडीबीवर दाखल्यांचा आणि फीचा डेटाबेस. कोल्हापुरातल्या बऱ्याच शाळांत याच्याच आसपासचं चित्र असतं, त्यामुळे खालचं फारसं न बदलता लागू पडेल. आज्ञांची आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाईप करण्याआधी त्या त्या साधनाचं मॅन पान, म्हणजे मदतीचं पान उघडून नेमकी स्पेलिंग घ्या. ती सवय तशीही चांगलीच.

काय जपायचं

सगळी डिस्क उचलून ठेवायचा मोह टाळा. डेबियन पुन्हा टाकायला अर्धा तास लागतो, तो जपायची गरज नाही. जपायचं ते पुन्हा कुठूनच मिळणार नाही असं.

पहिला मान जनरल रजिस्टरच्या स्कॅनचा. जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा मागायला नातवंडं येतात. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे ज्या वह्यांची पानं हात लावला की तुटतात नेमक्या त्याच. मूळ वही कपाटात आहे हे खरं, पण ते कपाट कुठल्या मजल्यावर आहे तेही बघून या.

दुसरा, डेटाबेस. तिसरा, शिक्षकांचे शेअर केलेले फोल्डर: प्रश्नपत्रिका, निकालाच्या एक्सेल, पोषण आहाराचे तक्ते. यू-डायस (शाळेची माहिती) आणि शालार्थ (पगार) यांचा मूळ डेटा सरकारी सर्व्हरवर असतो, त्याची काळजी आपण करायची नाही; मात्र तिथून उतरवलेल्या पीडीएफ आणि भरलेल्या माहितीच्या प्रती आपल्याकडे असतात, त्या घ्या. चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात ती म्हणजे सेटिंगच्या फायलींचा ईटीसी फोल्डर, बसवलेल्या पॅकेजांची यादी आणि सांबाच्या पासवर्डची फाईल. ही फाईल टीडीबी प्रकारची असते आणि ती टीडीबीबॅकअप नावाच्या साधनाने काढावी. ती नसली तर सर्व्हर उभा राहील, पण एकाही शिक्षकाला लॉगिन करता येणार नाही आणि सगळे तुमच्या दारात येतील.

पाचवी गोष्ट आपल्या भागातली. जुन्या प्रश्नपत्रिका आणि दाखल्यांचे नमुने युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपीसारख्यांत टाईप केलेले असतात. फाईल परत आली आणि फॉन्ट आला नाही, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चुरमुरा दिसतो. म्हणून फॉन्टचा फोल्डरही यादीत घाला.

सोडून द्यायचं: मुलांनी लॅबमध्ये उतरवलेले गेम, सॉफ्टवेअरच्या आयएसओ फायली, आणि प्रॉक, सिस, डेव्ह हे सिस्टीमचे आभासी फोल्डर.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क आरसा पद्धतीने, म्हणजे रेडमध्ये जोडलेल्या असतील तर उत्तम, पण तो बॅकअप धरू नका. एकीवरची फाईल उडाली की दुसरीवरचीही त्याच क्षणी उडते.

प्रती कुठे ठेवायच्या

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक इमारतीबाहेर, हा नियम सगळीकडे सांगतात. नियम बरोबर आहे, पण कोल्हापुरात 'इमारतीबाहेर' म्हणजे कुठे हे नीट बघावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शाळा जयंती नाल्याच्या बाजूला असेल आणि दुसरी प्रत शाहूपुरीतल्या एखाद्या शिक्षकाच्या तळमजल्यावरच्या घरात असेल, तर दोन प्रती एकाच पाण्यात गेल्या. दोन जागांमधलं अंतर मोजताना किलोमीटरपेक्षा उंची बघा. आमची दुसरी डिस्क आर. के. नगरच्या चढावर मोठ्या बाईंच्या घरी असते.

तिसरी प्रत जिल्ह्याबाहेर हवी. काही संस्थांच्या शाखा सांगलीतही आहेत आणि 'तिकडे ठेवू की' असा विचार पटकन येतो. पण २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा एकाच वेळी फुगल्या होत्या आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद होता. सांगलीतली प्रत वाचली असती तरी ती आणायला जाणार कशी? त्यामुळे तिसरी प्रत क्लाउडवर. ती परत मिळवायला रस्ता लागत नाही.

आणि एक नियम लिहून ऑफिसात चिकटवा: बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की त्या दिवशीचा बॅकअप घेऊन डिस्क शाळेबाहेर जाते आणि सर्व्हर वरच्या मजल्यावर. पाणी किती फुटांवर आहे हे पावसाळ्यात प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर तासातासाला येतं, वेगळी बातमी काढावी लागत नाही. ४३ची वाट बघू नका. तोवर शिपाई मामा स्वतःच्या घरातलं सामान हलवत असतात.

डिस्क

तीन पोर्टेबल डिस्क घ्या. आमच्या डिस्कवर कासारी, कुंभी आणि तुळशी अशी नावं मार्करने लिहिली आहेत. 'डिस्क दोन' कुणाच्या लक्षात राहत नाही, पण 'आज कुंभी लावायची' हे आमच्या क्लार्क भाऊसाहेबांना पहिल्या दिवसापासून पाठ आहे. एक शाळेत, एक मोठ्या बाईंकडे, आणि दर सोमवारी अदलाबदल. तिसरी एखादी बिघडली तर हाताशी असावी म्हणून.

डिस्क ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा. कुठली डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफस्टॅब फाईलमध्ये नोंद करताना एसडीबी, एसडीसी अशी नावं वापरू नका. मध्येच कुणी पेनड्राइव्ह लावला की ती बदलतात. प्रत्येक डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक वापरा, सोबत नोऑटो आणि नोफेल हे दोन पर्याय द्या. हे दोन्ही नसतील तर डिस्क घरी गेलेल्या दिवशी सर्व्हर सुरू होताना तिची वाट बघत इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसू शकतो.

आता यातला सगळ्यात फसवा प्रकार. डिस्क जोडलेलीच नाही, पण जिथे ती जोडली जाते तो रिकामा फोल्डर आहे. बॅकअप चालवणारी स्क्रिप्ट बिचारी त्या फोल्डरमध्ये लिहीत राहते, म्हणजे सर्व्हरच्याच डिस्कवर. 'बॅकअप यशस्वी' असा संदेश येतो आणि काही दिवसांनी सर्व्हर भरून बंद पडतो. याला दोन कड्या लावा. एक, स्क्रिप्टने आधी डिस्क माउंट करायची, म्हणजे त्या फोल्डरला जोडायची, मग माउंटपॉइंट या आज्ञेने खात्री करायची, आणि नसेल तर चूक झाल्याचा कोड देऊन थांबायचं. दोन, डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर आज्ञेने 'अचल' खूण लावून ठेवायची, म्हणजे रूट या मुख्य खात्यालाही तिथे लिहिता येत नाही. डिस्क वर जोडली की त्या खुणेचा अडथळा होत नाही. काम संपलं की स्क्रिप्टनेच अनमाउंट करायचं.

साधन

मी रेस्टिक वापरते. डेबियन आणि उबुंटूच्या भांडारात आहे, ॲप्टने बसतं. बोर्ग वापरणारे पण चांगलेच, त्यांच्याशी माझं भांडण नाही. नुसत्या आरसिंकवर मात्र शाळेचा कारभार सोडू नका. डिलीट पर्यायासह आरसिंक म्हणजे आजची हुबेहूब नक्कल. एखाद्या पीसीतून रॅन्समवेअर शिरलं आणि शेअर केलेले फोल्डर कुलूपबंद झाले, तर रात्री आरसिंक इमानदारीने तो कचरा बॅकअपवर चढवतं. लिंक-डेस्ट पर्याय वापरून त्यातून रोजच्या वेगळ्या प्रती काढता येतात, पण तेवढा खटाटोप करायचा तर रेस्टिकच का नको? ते बदललेले तुकडेच साठवतं, प्रत्येक दिवसाची वेगळी प्रत दाखवतं आणि सगळं कूटबद्ध ठेवतं. शेवटचा मुद्दा शाळेसाठी मोठा आहे. डिस्कवर मुलांचे आधार क्रमांक, जातीच्या नोंदी, पालकांचे फोन आहेत, आणि ती डिस्क दर सोमवारी दुचाकीच्या डिकीतून प्रवास करते.

प्रत्येक डिस्कवर इनिट आज्ञेने रेस्टिकचं भांडार, म्हणजे प्रती साठवायची जागा तयार करा. पासवर्ड लांब ठेवा आणि फक्त रूटला वाचता येईल अशा फाईलमध्ये लिहा. मग तोच पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या तिजोरीत, आणि दुसरं पाकीट डिस्कपासून वेगळ्या घरात. पासवर्डची एकमेव प्रत सर्व्हरवर असेल तर सर्व्हर गेल्यावर तिन्ही डिस्क निव्वळ वजन आहेत. मागचा दरवाजा नाही, रेस्टिक बनवणाऱ्यांनाही ते उघडता येत नाही.

डेटाबेस वेगळा काढा

चालू डेटाबेसच्या फायली तशाच कॉपी करू नका, कॉपी होत असतानाही त्या बदलत असतात. आधी मारियाडीबी-डंपने मजकूर फाईल काढा, मग ती रेस्टिकला द्या. सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्याय द्या, म्हणजे भाऊसाहेब फीची पावती फाडत असतील तरी त्यांचं काम अडत नाही आणि प्रत सुसंगत येते. हा पर्याय इनोडीबी प्रकारच्या टेबलांना लागू पडतो. जुन्या सॉफ्टवेअरमधली टेबलं मायआयसॅम असतील तर ती आधी बदलून घ्या. रूटीन्स आणि इव्हेंट्स हे पर्यायही जोडा.

डंप पाईपने थेट जीझिपमध्ये, म्हणजे फाईल लहान करणाऱ्या साधनात घालत असाल तर स्क्रिप्टच्या वरती पाईपफेल लावा. नाहीतर डंप फसतो, जीझिप मात्र यशस्वी होतं, आणि महिनोनमहिने शून्य नोंदींच्या सुबक फायली जमत राहतात. याशिवाय दोन तपासण्या मी ठेवल्या आहेत. डंपच्या शेवटच्या ओळीत पूर्ण झाल्याची खूण आहे का? आणि आजची फाईल कालच्यापेक्षा निम्म्याहून लहान तर नाही ना? दुसरी तपासणी ओबडधोबड आहे, पण उपयोगाची.

वेळ

पुस्तकात रात्री दोनची वेळ दिलेली असते. शाळेत ती चालत नाही, कारण मामा संध्याकाळी मेन स्विच पाडून कुलूप लावतात आणि ते त्यांचं कामच आहे. आमचा बॅकअप पावणेसहाला, लॅब बंद झाल्यावर चालतो. ठरल्या वेळी काम चालवायला क्रॉनऐवजी सिस्टमडीचा टायमर वापरा आणि त्यात पर्सिस्टंट चालू ठेवा, म्हणजे वीज गेल्याने हुकलेला बॅकअप सर्व्हर पुढच्या वेळी सुरू झाला की होतो. सर्व्हरचा टाईमझोनही बघून घ्या. तो यूटीसीवर राहिला असेल तर सगळं साडेपाच तास पुढे सरकतं. रात्री दोनचा बॅकअप सकाळी साडेसातला, नेमका पहिल्या तासाला सुरू होतो आणि लॅबमधली पोरं 'मॅडम, स्लो झालंय' म्हणून ओरडतात.

बॅकअप चालू असताना वीज गेली तर घाबरू नका. रेस्टिकचं भांडार त्याने बिघडत नाही, पुढच्या वेळी उरलेलं चढतं. मात्र मागे एक लॉक राहू शकतं. त्यामुळे बॅकअप होत राहतात, पण जुन्या प्रती साफ करणारी प्रून आज्ञा अडते. अनलॉक चालवलं की सुटतं.

किती दिवसांचं ठेवायचं

जुन्या प्रती यादीतून काढणाऱ्या फर्गेट आज्ञेला मी रोजचे १४, आठवड्याचे ८ आणि महिन्याचे २४ असे आकडे दिले आहेत. महिन्यांचा आकडा एवढा मोठा कशाला? शाळेतली चूक उशिरा सापडते. सहामाहीला कुणी एका तुकडीची एक्सेल चुकीची सॉर्ट करून ठेवली, तर ते वार्षिक निकालाच्या वेळी लक्षात येतं. तोवर १४ दिवसांच्या प्रती केव्हाच गेलेल्या असतात. रेस्टिकचे 'रोजचे १४' म्हणजे ज्या दिवशी बॅकअप झाला असे शेवटचे १४ दिवस, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत सर्व्हर बंद असला तरी आधीच्या प्रती झिजत नाहीत. वार्षिक निकाल लागल्यावर एक वेगळा बॅकअप घेऊन त्याला टॅग लावा आणि कीप-टॅग पर्यायाने तो कायमचा राखून ठेवा.

क्लाउडची प्रत

ॲमेझॉनच्या एस३ पद्धतीची कुठलीही क्लाउड साठवण रेस्टिकला चालते. पहिला बॅकअप चढायला वेळ लागेल, त्याचा हिशोब आधीच करा: ६० जीबी डेटा आणि १० एमबीपीएसचा अपलोड वेग म्हणजे साधारण साडेतेरा तास, तेही लाईन न तुटता. म्हणून तो शनिवारी दुपारी सुरू करून द्या, आणि मामांना त्या दिवशी सर्व्हरची वीज चालू ठेवायला सांगा. नंतर रोज फक्त बदललेलं जातं. लिमिट-अपलोडने वेग आवरता येतो, नाहीतर ऑफिसातून यू-डायस भरणाऱ्यांचे शाप लागतात.

सर्व्हरवर जी क्लाउडची किल्ली ठेवाल तिला वाचण्याचा आणि नवं लिहिण्याचा अधिकार असावा, जुना बॅकअप पुसण्याचा नसावा. पुरवठादाराकडे ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे ठरावीक काळ काही पुसू न देणारी सोय असेल तर ती लावा. सर्व्हरवर कुणी घुसलं तर ते पहिल्यांदा बॅकअपच शोधतं. क्लाउडवरची साफसफाई दुसऱ्या संगणकावरून, दुसऱ्या किल्लीने, वर्षातून एक-दोनदा करायची.

बंद पडलं तर कळणार कसं

गिटलॅब या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ ला स्वतःचा डेटाबेस चुकून पुसला. त्यांच्याकडे बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या. रोजचा डंप चालत नव्हता, कारण डंपचं साधन ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा. चूक कळवणारे ईमेल जात होते, पण डीमार्क या ईमेल-पडताळणीच्या कारणाने ते नाकारले जात होते, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. शेवटी सहा तास आधी घेतलेल्या डिस्कच्या एका एलव्हीएम प्रतीवर निभावलं. त्यांनी हे सगळं स्वतःच उघडपणे लिहिलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

यातून शाळेने उचलायचं ते एवढंच: चूक झाली की कळवा, अशी व्यवस्था ठेवू नका, कारण कळवणारंच बंद पडू शकतं. रोज बॅकअप पूर्ण झाल्यावर स्क्रिप्टने बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर हजेरी लावायची, आणि हजेरी आली नाही तर तिथून फोनवर निरोप यायचा. हेल्थचेक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर हेच करतं.

त्याच्या जोडीला कागदाची नोंदवही ठेवा. तारीख, कुठली डिस्क, किती प्रती दिसतात, सही. संगणकवाल्यांना हे हास्यास्पद वाटतं, पण शाळेत ज्याची वही नाही ते काम होत नाही. भाऊसाहेब रोज सकाळी स्नॅपशॉट्सची, म्हणजे रोजच्या प्रतींची यादी उघडून कालची तारीख बघतात आणि सही करतात. एखाद्या दिवशी 'मॅडम, कुंभीवर कालचं नाही बघा' म्हणून फोन येतो आणि तो फोन कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा आधी येतो.

आठवड्यातून एकदा चेक आज्ञा चालवा, आणि तिला रीड-डेटा-सबसेटचा पर्याय देऊन दर वेळी भांडाराचा दहावा भाग खरोखर वाचायला लावा. नुसतं चेक भांडाराची रचना तपासतं. डिस्कवरचे खराब झालेले भाग वाचल्याशिवाय दिसत नाहीत.

परत आणण्याची तालीम

वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर. लॅबमधला एक जुना पीसी घ्या, मूळ सर्व्हरला हात लावू नका. त्यावर कोरं डेबियन टाका, रेस्टिक बसवा, तिजोरीतलं पाकीट फोडा आणि त्यातलाच पासवर्ड वापरा, पाठ असलेला नको. रिस्टोअर वेगळ्या फोल्डरमध्ये करा, डेटाबेस भरा, ऑफिसचं सॉफ्टवेअर उघडा. शक्य असेल तर हे तुम्ही न करता दुसऱ्या कुणाकडून करून घ्या आणि तुम्ही बाजूला बसून तो कुठे अडतो ते लिहा. पूर आला त्या दिवशी तुम्ही गारगोटीला माहेरी अडकलेल्या असू शकता.

मग रजिस्टर क्रमांक सांगून एक दाखला छापायला लावा आणि तो वाचा. मराठी नावं नीट आली का? ज्ञानेश्वर, कृष्णात, श्रीमंत अशी जोडाक्षरांची नावं मुद्दाम शोधा. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर डंप काढताना अक्षरसंच चुकलाय. डंप आणि भरणं दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ सांगा आणि पुन्हा करा. मराठी नावाच्या फायली उघडतात का, हेही बघा. एक निकालाची एक्सेल, जनरल रजिस्टरचं एक जुनं पान, एक जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका उघडा. एका शिक्षकाला त्यांच्या नेहमीच्या पासवर्डने लॉगिन करायला सांगा.

पहिल्या पायरीपासून दाखला हातात येईपर्यंत किती वेळ लागला तो वहीत लिहा. 'दुपारपर्यंत' या उत्तराच्या पुढे गेला असेल तर कुठे वेळ गेला ते शोधायचं. आमच्याकडे तो बहुतेकदा इन्स्टॉलरची पेनड्राइव्ह शोधण्यात जातो, म्हणून ती आता पासवर्डच्या पाकिटातच असते. तालीम झाली की त्या जुन्या पीसीची डिस्क पूर्ण पुसा, तिच्यावर सगळ्या मुलांची माहिती आहे आणि उद्या तोच पीसी आठवीच्या पोरांपुढे असणार आहे. फोडलेल्या पाकिटाच्या जागी नवं पाकीट, त्यावर तारीख, आणि तिजोरीत.